‘गुमास्ता’ मिळाला, तरी परवाने उरतातच

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद 19 ने नागरिकाला व्यवसायाचे स्वातंत्र्य दिले असले, तरी सार्वजनिक हितासाठी त्यावर वाजवी निर्बंध घालण्याचा अधिकारही त्याच अनुच्छेदाने राज्यसंस्थेला दिला असून परवान्यांची सारी व्यवस्था त्यावरच उभी आहे. मात्र ‘धंद्याचा परवाना’ असा एकच कागद नसतो. कामगार, अन्न, कर, वजनमाप या प्रत्येक विषयाचा कायदा वेगळा आणि कचेरीही वेगळी.

महाराष्ट्रात सर्वाधिक गैरसमज ‘गुमास्ता’ अर्थात ‘शॉप ॲक्ट’बद्दल आढळतो. चालू खाते उघडताना बँका बहुधा हाच कागद मागतात, त्यामुळे तो हाती आला की धंदा कायदेशीर झाला, असे मानले जाते. वस्तुतः 1948 च्या अधिनियमाची जागा घेणारा 2017 चा दुकाने व आस्थापना अधिनियम हा कामगार कायदा असून त्याचा संबंध कामाचे तास, साप्ताहिक सुटी आणि रजा यांच्याशी आहे. मूळ 2017 च्या तरतुदीनुसार दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानदाराने केवळ सूचना, म्हणजे धंदा सुरू केल्याची खबर, देऊन पोच घ्यायची होती. अशी पोच जागेच्या वापराला किंवा मालाच्या दर्जाला मान्यता देत नाही.

खानावळ काढणाऱ्याला म्हणूनच 2006 च्या अन्न सुरक्षा व मानके अधिनियमाकडे वळावे लागते. त्याखालील 2011 च्या विनियमांनी वार्षिक उलाढाल 12 लाख रुपयांपर्यंत असणाऱ्यांसाठी साधी नोंदणी आणि त्यापुढील व्यावसायिकांसाठी अधिक कडक अटींचा परवाना, असा भेद केला. मुंबईत याखेरीज 1888 च्या महापालिका अधिनियमाच्या कलम 394 नुसार खाद्यगृहाला पालिकेचा परवाना लागतो.

वस्तू व सेवा कराचा हिशेब आणखी निराळा आहे. फरसाण विकणे हा मालाचा पुरवठा ठरत असल्याने महाराष्ट्रात नोंदणीची सर्वसाधारण मर्यादा 40 लाख रुपयांची आहे, तर बसवून जेवू घालणे ही सेवा मानली जात असल्याने ती 20 लाखांवर येते. फरसाण इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोलले जात असेल, तर त्या काट्याची दरवर्षी पडताळणी करून मुद्रांकन करून घ्यावे लागते. ‘उद्यम’ नोंदणी मात्र ऐच्छिक आणि विनामूल्य आहे, हे तिच्यासाठी पैसे मागणाऱ्या मध्यस्थांना ठाऊक नसते असे नाही.

या मर्यादा वेळोवेळी बदलतात, म्हणून अर्जापूर्वी त्या-त्या खात्याच्या संकेतस्थळावर त्यांची खातरजमा करावी. आणि गाळ्याच्या भाडेकरारावर सही करण्याआधी तेथे खाद्यगृह चालवण्यास पालिकेची मुभा आहे काय, हे अवश्य विचारावे.