कथलाचे तंतू आणि संरक्षक लेप

भांड्यांना आपण कल्हई करतो, तसाच विद्युत यंत्रांतील धातूच्या टोकांनाही कथलाचा मुलामा देतात. शुद्ध कथलावर मात्र कधीकधी केसाहून बारीक तंतू उगवतात. तंतू शेजारच्या टोकाला टेकला की शॉर्टसर्किट! १९९८ साली गॅलक्सी-४ उपग्रह निकामी झाला, तो बहुधा यामुळेच. अमेरिकेतील बहुतेक पेजर, अगदी डॉक्टरांचेही, मुके झाले.

कथलात शिसे मिसळल्यास तंतूंना आळा बसतो. पण ते विषारी असल्याने युरोपने २००६ पासून त्यावर निर्बंध घातले. म्हणून पॉलियुरेथेनच्या लेपाचे महत्त्व वाढले. नासाच्या प्रयोगांत सुमारे ५० मायक्रोमीटर जाडीच्या लेपाने तंतू अडवले. पातळ लेप मात्र भेदला गेला.

विद्यार्थी मित्रांनो, आम्हांस सांगावेसे वाटते ते इतकेच : लेपाने तंतू उगवणे थांबत नाही, त्यांची वाट अडते. म्हणून कडा-कोपऱ्यांवरही लेप पुरेसा जाड हवा.