ओल्या गाठीचे वजन

बँकेत असताना मालतारण कर्जासाठी मी दारव्ह्याच्या एका जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी तपासायला जात असे. एका अवकाळी पावसानंतर मापारी म्हणाला, "साहेब, वजन वाढलं ते गाठ बाहेरच्या रांगेतली. आतली कोरडीच राह्यते."

निवृत्तीनंतर वाचताना कळले, की शास्त्रज्ञही प्रथिनांचा पृष्ठभाग असाच ओळखतात. प्रथिन म्हणजे गुंडाळी झालेली अमिनो आम्लांची साखळी. तिच्यावर क्षणभर हायड्रॉक्सिल रॅडिकल्सचा शिडकावा करतात. उघड्या कड्यांना ऑक्सिजनचा अणू चिकटतो, वजन १६ एककांनी वाढते. आत दडलेल्या कड्या बहुधा कोरड्या राहतात. मग साखळीचे तुकडे करून मास स्पेक्ट्रोमीटर नावाच्या काट्यावर तोलायचे. अमेरिकेत मार्क चान्स यांनी १९९०च्या दशकात यासाठी क्ष-किरण वापरले, मायकेल ग्रॉस यांच्या प्रयोगशाळेने २००५मध्ये लेसर. औषध जिथे चिकटते ती जागाही कोरडी राहते, म्हणून सापडते.

याचे आपल्याला काय? आमच्या शिपायाचा मुलगा सांधे धरून रात्रभर रडायचा. आम्ही म्हणायचो, थंडीचे असेल. तो सिकलसेल होता. विदर्भातल्या कितीतरी घरांचे हे दुखणे. हिमोग्लोबिनच्या पृष्ठभागावरची एकच कडी बदललेली असते, हे व्हर्नन इंग्रॅम यांनी १९५७मध्ये दाखवले. तेवढ्याने रेणू एकमेकांना चिकटतात, रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात.

गाठी मी नीट तपासल्या. त्या पोराचे रक्त तपासून घ्या, एवढे सांगायचे मात्र सुचले नाही.