चेंडू हाती नसताना : बास्केटबॉलमधील आक्रमण आणि त्याचा सराव

बास्केटबॉलचा सामना दहा-दहा मिनिटांच्या चार सत्रांचा, म्हणजे 40 मिनिटांचा असतो. त्यातील निम्मा वेळ आपला संघ आक्रमणात असतो असे धरले, तर 20 मिनिटे होतात. ती पाच खेळाडूंत सारखी वाटली, तर प्रत्येकाच्या हाती चेंडू फार तर 4 मिनिटे येतो. उरलेली 16 मिनिटे तो रिकाम्या हातांनी आक्रमण करीत असतो. आपल्या शालेय संघांचा सराव मात्र बहुतांशी त्या 4 मिनिटांचाच होतो : टप्पे टाकणे, ले-अप, नेम. परिणाम सर्वांनी पाहिलेला आहे. एक उंच मुलगा आणि एक चपळ मुलगा खेळतात. उरलेले तिघे धावतात, हात वर करतात आणि थांबतात. या तिघांपैकी एखादा पुढे मैदानावर येणेच सोडतो, आणि त्याची अनुपस्थिती फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही.

या खेळाचा मूळ आराखडा असा नव्हता. डिसेंबर 1891 मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नायस्मिथ यांनी आपल्या 18 विद्यार्थ्यांसाठी हा खेळ रचला, तेव्हा त्यांच्या 13 नियमांत चेंडू घेऊन धावण्यास सक्त मनाई होती. जेथे चेंडू झेलला तेथूनच तो फेकावयाचा. टप्पे टाकीत पुढे जाण्याची पद्धत नंतर रूढ झाली. म्हणून टप्प्याविना खेळण्याचा सराव मी सर्वांत आधी सुचवीन. अर्ध्या मैदानात तीनास तीन मुले खेळवावीत आणि टप्पा पूर्णपणे बंद ठेवावा. पहिले काही दिवस गोंधळ उडतो, चेंडू वारंवार निसटतो. नंतर मुलांना आपोआप उमगते की, सोबती हलला नाही तर चेंडू देता येत नाही.

रांगेच्या सरावाविषयी स्पष्ट लिहावयास हवे. एका बास्केटसमोर 40 मुलांची रांग लावली आणि एका ले-अपला 10 सेकंद धरले, तर प्रत्येकाची पाळी जवळजवळ सात मिनिटांनी येते. चाळीस मिनिटांच्या तासात सहा वेळा चेंडूला स्पर्श, आणि बाकी वेळ उन्हात उभे राहणे. त्यापेक्षा दोन बास्केटखाली तीनास तीन असे बारा जण खेळवावेत आणि उरलेल्यांनी जोडीने पास व पिव्हट यांचा सराव करावा. चेंडू कमी असतील, तर दोन पायांवर एकदम थांबणे आणि एक पाय रोवून दुसऱ्याने वळणे हे चेंडूवाचूनही शिकविता येते.

आता प्रत्यक्ष आक्रमणाकडे वळू. चौदा वर्षांखालील मुलांना पाठ करावयाच्या दहा-बारा चाली देण्यापेक्षा एकच रचना द्यावी. पाचही खेळाडू बास्केटपासून दूर, कमानीसारखे उभे राहतात : एक मधोमध वर, दोन बाजूंना, दोन कोपऱ्यांत. दोघांत चार ते पाच मीटर अंतर असावे. अंतर कमी झाले की एकच बचावपटू दोघांना अडवू शकतो. शालेय सामन्यांतील निम्मी आक्रमणे येथेच फसतात असे माझे मत आहे. या रचनेचे नियम थोडे आहेत. ज्याने पास दिला त्याने तेथे उभे न राहता थेट बास्केटकडे धाव घ्यावी. धावताना तोंड चेंडूकडे आणि हात तयार असावेत, कारण तोच पास परत मिळण्याची शक्यता असते. मिळाला नाही, तर त्याने रिकाम्या कोपऱ्यात बाहेर पडावे. आणि त्याने सोडलेली जागा शेजारच्याने, त्याच्या जागी त्याच्या शेजारच्याने, अशी भरत न्यावी. हा क्रम प्रथम बचावपटूंशिवाय चालवावा, मग सावकाश खेळणारे बचावपटू घालावेत, आणि शेवटी खरे.

बचावपटू पासच्या वाटेत हात घालून उभा राहिला, की मुले गडबडतात. वास्तविक ती संधी असते. चेंडू घेण्यासाठी दोन पावले पुढे येण्याची हूल द्यावी आणि बचावपटू झेपावताच त्याच्या पाठीमागून बास्केटकडे निसटावे. आपल्याकडची कबड्डी-खो-खो खेळलेली मुले ही हूल फार लवकर आत्मसात करतात. बास्केटबॉलमध्ये हिला बॅकडोअर म्हणतात. प्रिन्स्टन विद्यापीठाचे प्रशिक्षक पीट कॅरिल यांनी आपला सारा खेळ तिच्यावर उभारला होता. त्यांच्या विद्यापीठात खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत, त्यामुळे नावाजलेले खेळाडू क्वचितच येत. मार्च 1996 मध्ये त्यांची गाठ गतविजेत्या यूसीएलए संघाशी पडली. सामना बरोबरीत असताना, अखेरचे चार सेकंदही उरले नव्हते तेव्हा, गेब लेवुलिस हा खेळाडू बचावपटूच्या मागून निसटला, पास मिळाला आणि ले-अप झाला. प्रिन्स्टन 43-41 असे जिंकले.

मुले थोडी मोठी झाली की स्क्रीन शिकवावा. चेंडूवाल्याच्या बचावपटूच्या वाटेत सोबत्याने भिंतीसारखे उभे राहावयाचे. धक्का लागतेवेळी तो स्थिर हवा, हलला तर फाऊल. बचावपटू अडकला की स्क्रीन देणाऱ्यानेही वळून बास्केटकडे जावे. हा उत्तरार्ध मुले विसरतात, आणि खरा पास तर तेव्हाच मिळतो.

टेक्स विंटर यांची त्रिकोणी रचना प्रसिद्ध आहे. तिच्या आधारे फिल जॅक्सन यांच्या शिकागो बुल्सने सहा अजिंक्यपदे मिळविली. जॅक्सन झेन बौद्ध परंपरेचे अभ्यासक. ते खेळाडूंना ध्यानास बसवीत, हे आपल्या वाचकांना ठाऊक असावे म्हणून नोंदवितो. परंतु ती रचना शाळेच्या वयाला जड आहे.

निवासी शाळेला एक मोठा लाभ आहे : संध्याकाळी मुलांना गाडी पकडावयाची नसते. त्या वेळेत ‘तीनास दोन, दोनास एक’ हा सराव जरूर घ्यावा. तिघे दोन बचावपटूंवर चाल करतात. नेम मारणारा ताबडतोब मागे धावून एकटा बचाव करतो, आणि आधीचे दोन बचावपटू त्याच्यावर उलट चाल करतात. मोकळा कोण आहे हे पाहून निर्णय घेण्याची सवय यातून लागते. आठ सेकंदांत मध्यरेषा ओलांडणे आणि चोवीस सेकंदांत नेम मारणे या नियमांची घाईही अंगवळणी पडते. उंच मुलांसाठी जॉर्ज मायकन यांच्या नावाचा सराव आहे. बास्केटखाली उभे राहून उजवीकडून उजव्या हाताने, डावीकडून डाव्या हाताने, चेंडू जमिनीवर पडू न देता आलटून पालटून नेम मारावयाचा. सहा फूट दहा इंच उंचीचे मायकन महाविद्यालयात आले तेव्हा अवघडलेले, संथ होते. प्रशिक्षक रे मेयर यांनी त्यांच्याकडून हा सराव तर घेतलाच, शिवाय दोरीवरच्या उड्या आणि नृत्यही करविले.

सराव-सामन्याच्या वेळी बाहेर बसलेल्या एका विद्यार्थ्याकडे वही द्यावी. गुण लिहिण्याचे काम दुसरा करील. याने प्रत्येक आक्रमणात कोणाकोणाच्या हाती चेंडू आला त्यांच्या नावापुढे खूण करावी, आणि पास दिल्यावर जो जागीच उभा राहिला त्याच्या नावापुढे फुली. एखाद्याच्या नावापुढे सलग तीन आक्रमणांत खूण नसेल, तर शिक्षकाने शिट्टी वाजवून खेळ थांबवावा आणि पुढचे आक्रमण त्याच मुलाच्या हातून सुरू करावे.