मोटारींतील मुका सोबती

किनवटाहून माहूर सुमारें 50 किलोमीटर. श्रीरेणुकेच्या दर्शनास सर्व कुटुंब घरच्या मोटारीनें निघालें, कीं अलीकडे घरचा कुत्राही मागच्या आसनावर चढून बसतो. त्यास मागें कोणाच्या स्वाधीन करावें हा प्रश्न असतोच, म्हणून मुलांचा आग्रह मान्य होतो. येथपर्यंत आमची कांहींच तक्रार नाहीं. श्वानास सोडून इंद्राच्या रथांत बसण्याचें धर्मराजानें नाकारिलें, ही महाभारतांतील कथा ज्या घरांतून सांगितली जाते, तेथें कुत्र्यास मोटारींत जागा मिळावी हें ठीकच आहे. अडचण उद्भवते ती गडावर पोहोंचल्यानंतर. कुत्र्यास देवळांत नेतां येत नाहीं. मग कांचा दोन बोटें उघड्या ठेवून व गाडीस कुलूप घालून मंडळी पायऱ्या चढूं लागतात. “अर्ध्या तासांत येतोंच!”

हा अर्धा तासच घातक होय. कांचेंतून आलेलें ऊन आसनें तापवितें, आसनें हवा तापवितात, आणि कोंडलेल्या हवेस बाहेर पडावयास वाट नसते. अमेरिकेंतील स्टॅनफर्ड येथील संशोधकांनीं 2005 सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, उन्हांत उभ्या असलेल्या बंद मोटारीच्या आंतील उष्णमान तासाभरांत सरासरी 22 अंश सेल्सिअसनें वाढलें. त्यांपैकीं शेंकडा 80 वाढ पहिल्या अर्ध्या तासांतच झाली. कांचा किंचित् उघडल्यानें फारसा फरक पडला नाहीं. आपल्याकडे वैशाखांत पारा 42 अंशांवर जातो. पुढील हिशेब वाचकांनींच करावा.

कुत्र्यास माणसाप्रमाणें सर्वांगास घाम येत नाहीं. धापा टाकून, जिभेवरील ओल वाळवून तो शरीर थंड करितो. सभोंवतालची हवाच तापली कीं हा उपाय लंगडा पडतो, व पगसारख्या चपट्या नाकाच्या जातीचा तर फारच लवकर. निरोगी कुत्र्याचें उष्णमान 38 ते 39 अंश असतें. तें 41 च्या पुढें गेल्यास प्राणावर बेततें.

तेव्हां कुत्र्याजवळ सावलींत कोणी बसावयाचें, हें घरून निघण्यापूर्वींच ठरवावें. एकत्र कुटुंबांत हें मुळींच अवघड नाहीं. काकामंडळी वर जाऊन येईपर्यंत पुतण्यानें थांबावें, मग पुतण्यानें जावें. (ज्यानें हट्ट धरिला त्यानेंच पहिली पाळी घ्यावी, असें आमचें मत आहे.) थांबणारें कोणी नसेल, तर त्यास शेजाऱ्यांकडे ठेवून जाणें हीच खरी माया.

प्रवासांत कुत्र्यास चालकाच्या मांडीवर बसूं देऊं नये. छातीपट्टा घालून तो मागच्या आसनाच्या पट्ट्यास अडकवावा. गळपट्ट्यास मात्र बांधूं नये, अकस्मात् गाडी थांबल्यास मानेस हिसका बसतो. मांजर असल्यास हवेशीर, झांकणाच्या टोपलींत. खाणें निघण्यापूर्वीं तीन-चार तास आधीं द्यावें, पाणी वाटेंत वरचेवर. आणि दार उघडण्यापूर्वीं सांखळी हातांत असावी.

इतकेंही करून कुत्रा अतिशय धापा टाकूं लागला, लाळ गळूं लागली, पाय लटपटले, तर तो उष्माघात समजावा. तत्काळ सावलींत नेऊन अंगावर थंड पाणी ओतावें व वारा घालावा. शुद्धीवर असल्यास पाणी समोर ठेवावें, बळेंच पाजूं नये. असा थंडावा देत देतच पशुवैद्याकडे न्यावें. वाटेंत तो हुशार दिसूं लागला तरीही, कारण आंतील इंद्रियांस झालेली इजा पुष्कळदां मागाहून प्रकट होते.