हरितगृहातील उष्मा : आधी हवा, मग सावली, शेवटी पाणी

घरामागच्या मोकळ्या जागेत लहानसे हरितगृह उभारून रोपांचा धंदा करणारे बांधव आता गावोगाव दिसतात. कोणी मिरची, टोमॅटो, वांग्याची रोपे तयार करतो, कोणी शोभेच्या कुंड्या विकतो. ही हरितगृहे बांधून देणारे वेल्डर व फॅब्रिकेटरही अनेक ठिकाणी आपलेच असतात. धंदा चांगला आहे, पण त्याची खरी परीक्षा एप्रिल-मे महिन्यांत होते. जूनच्या पेरणीला जी रोपे विकायची ती नेमकी याच दिवसांत वाढवावी लागतात. संकरित बियाणे महाग, ट्रे आणि कोकोपीट बहुधा उधारीवर आणलेले. अशात दोन दुपारी आतली हवा भट्टीसारखी तापली की महिन्याभराची मेहनत माना टाकते. मग रोपवाटिकावाला बांधणाऱ्याला दोष देतो आणि बांधणारा उन्हाला. खरे पाहता दोष बहुतेक वेळा उपायांच्या क्रमात असतो. लोक प्रथम पाणी मारतात किंवा कूलर आणतात, आणि गरम हवा बाहेर पडण्याची सोय शेवटी आठवते.

हरितगृह तापते का, हे आधी समजून घेऊ. ऊन प्लास्टिकच्या कागदातून आत येते. माती, पाने व पाईप तापतात आणि त्यांच्यामुळे आतली हवा तापते. मोकळ्या अंगणात अशी हवा वर निघून जाते व तिची जागा दुसरी घेते. इथे मात्र ती कागदाखाली कोंडली जाते. २० फूट लांब व १० फूट रुंद, म्हणजे २०० चौरस फुटांचे हरितगृह धरा. भर दुपारी त्यात शिरणारी उष्णता हजार वॅटच्या सुमारे पंधरा शेगड्या पेटवून ठेवल्याइतकी असते! दारे बंद असतील तर बाहेरपेक्षा आत १० ते १५ अंश जास्त तापमान सहज होते. हरितगृहाची कल्पना वाढली ती युरोपच्या थंड मुलुखात, ऊब धरून ठेवण्यासाठी. तिकडचा नमुना जसाच्या तसा जळगाव-अकोल्यात उभा केला तर तो आपले काम इमानाने करतो, एवढाच त्याचा गुन्हा.

म्हणून पहिला उपाय हवेचा. गरम हवा हलकी होऊन वर चढते, तेव्हा तिला वरूनच वाट हवी, आणि गार हवेला खालून. इराणातील यझ्द शहराची जुनी बादगीर घरे वारा आणि वर चढणारी गरम हवा यांच्याच जोरावर थंड राहत आली. ढोबळ हिशेब असा : छपरावरील झडपा जमिनीच्या क्षेत्राच्या १५ ते २० टक्के असाव्यात आणि बाजूच्या खिडक्या मिळून तितक्याच. आपल्या २०० चौरस फुटांना हे ४० चौरस फूट झाले. म्हणजे माथ्यावर लांबीभर, २० फूट लांब व दोन फूट रुंद झडप. बाजूंना खरे तर दोन्ही लांब भिंतींवर एक-एक फुटाची पट्टी पुरावी. पण किडे रोखणारी बारीक जाळी लावली की वारा बराच अडतो, म्हणून तीही दोन-दोन फूट ठेवावी. वरच्या झडपेची पाठ नेहमीच्या वाऱ्याकडे असावी, म्हणजे वारा आतली हवा ओढून नेतो आणि कागदही फाटत नाही. विदर्भ-खानदेशात पश्चिमेकडून झळा येतात, तिथे जमिनीपासून दोन-तीन फूट कागद कायम बंद ठेवून पडदा त्याच्यावर गुंडाळता येईल असा करावा. नाहीतर झळ थेट कोवळ्या रोपांवर येते.

फॅब्रिकेटर बंधूंसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. उन्हात तापलेल्या पाईपला कागद जिथे चिकटून असतो तिथेच तो प्रथम कुजतो व चिरतो. कागद चढवण्यापूर्वी पाईपच्या वरच्या बाजूला पांढरा रंग द्यावा किंवा पांढरी पट्टी गुंडाळावी. खर्च किरकोळ आहे, पण कागदाचे आयुष्य वाढते आणि कारागिराचे नावही.

दुसरा उपाय सावलीचा, आणि इथे सर्वांत जास्त चूक होते. शेडनेट बहुतेक जण आतून, रोपांच्या डोक्यावर बांधतात. ते सोयीचे असते, वाऱ्याने उडत नाही. पण आतल्या जाळीने अडवलेले ऊन तोवर घरात शिरलेलेच असते. जाळी तापते आणि ती उष्णता आतच सोडते. जाळी बाहेरून, कागदापासून फूटभर उंच ताणावी, म्हणजे मधून वारा खेळतो आणि तापलेल्या जाळीची उष्णता बाहेरच राहते. काळ्या-हिरव्या जाळीपेक्षा पांढरी किंवा चंदेरी जाळी ऊन जास्त परतवते. रोपांसाठी ५० टक्के सावली सामान्यतः पुरते. ‘ऊन फार आहे’ म्हणून ७५ टक्क्यांची जाळी घालणाऱ्यांची रोपे उंच, फिकट आणि लुळी होतात. गिऱ्हाईक ती हातात घेऊन परत ठेवतो.

जाळी परवडत नसेल तर खडूच्या भुकटीचे पातळ पाणी कागदावर बाहेरून फवारावे. स्पेनच्या दक्षिणेस अल्मेरिया हा प्लास्टिकच्या हरितगृहांचा प्रचंड मोठा भाग आहे (नावही अरबीच, अंदलुसच्या काळातले). तिथले शेतकरी दर उन्हाळ्यात छपरे अशीच पांढरी करतात व ऊन उतरले की धुऊन टाकतात. चुना मात्र वापरू नये, तो जस्ताच्या मुलाम्याला व अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांना खातो.

आता पाणी. पाणी वाफ होताना उष्णता शोषते. एक लिटर पाणी साधारण ५८० किलोकॅलरी घेऊन जाते. पण ते वाफ व्हायला हवा कोरडी लागते. अकोल्यात मे महिन्यात ४२ अंश तापमान आणि हवेत २० टक्के आर्द्रता असेल तर चांगल्या ताट्यांचा कूलर १३-१४ अंश कमी करून हवा २८-२९ अंशांवर आणतो. रत्नागिरीकडे ३४ अंश तापमान व ६५ टक्के आर्द्रता असेल तर तोच कूलर जेमतेम चार अंश उतरवतो, आणि वर आतली दमट हवा बुरशीला आमंत्रण देते. कोकणातील गिऱ्हाइकाला कूलर व फॉगरची जोडणी विकण्यापूर्वी हे त्याला स्पष्ट सांगितले पाहिजे. मालातला ऐब लपवून केलेल्या तिजारतीत बरकत नसते, हे आपल्याला कोणी नव्याने सांगायला नको.

आपल्या गावची हवा कशी आहे हे घरबसल्या कळते. दोन सारखे तापमापक घ्या, एकाच्या टोकाला ओले मलमल बांधा आणि दोन्ही सावलीत, पंख्याच्या वाऱ्यासमोर ठेवा. थोड्या वेळाने दोहोंत जितका फरक पडेल त्याच्या सुमारे पाऊण हिश्श्याइतका उपयोग कूलर देईल. फरक सात-आठ अंशांपेक्षा कमी असेल तर कूलरचे पैसे जाळी आणि झडपांवर खर्च करावेत.

कूलर बसवायचाच तर त्याचा नियम असा की आतली सगळी हवा मिनिटाला एकदा बदलली पाहिजे. आपल्या घराची सरासरी उंची नऊ फूट धरली तर १,८०० घनफूट हवा झाली. म्हणजे तासाला ३,००० घनमीटरच्या आसपास हवा फेकणारा कूलर हवा. तो एका टोकाला लावावा व समोरच्या टोकाला त्याच्या तोंडापेक्षा मोठी वाट ठेवावी. कूलर चालू असताना छपराची झडप बंद ठेवावी, नाहीतर थंड हवा अर्ध्यातूनच निघून जाते. परंतु ती हाताने उघडता येईल अशीच असावी. भर दुपारी वीज गेली आणि झडप उघडली नाही तर पंधरा शेगड्या पुन्हा पेटल्याच समजा. अकोल्यासारख्या हवेत असा कूलर तासाला वीसेक लिटर, म्हणजे पाच तासांत शंभर लिटर पाणी पितो. टँकरच्या गावात हा हिशेब आधी करावा. वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही पाणी जपून वापरायला शिकवलेली आपली उम्मत आहे, आणि जाळीला तर पाणी लागतच नाही. फॉगरच्या बारीक तोट्या बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने बुजतात, हेही घेण्यापूर्वी ध्यानात असू द्यावे.

आतला तापमापक रोपांच्या उंचीवर, पण सावलीत टांगावा. उन्हात टांगलेला फक्त स्वतःचेच तापमान दाखवतो. टोमॅटोची फुले ३५ अंशांवर गळू लागतात, ढोबळी मिरचीची त्याही आधी. रोपांना पाणी सकाळी लवकर द्यावे, संध्याकाळी पाने ओली राहू देऊ नयेत.

सूर्य मावळल्यावर सर्व झडपा व पडदे उघडून ठेवावेत, म्हणजे रात्रीच्या गारव्यात माती व पाईप निवतात आणि सकाळची सुरुवात गार होते. विक्रीपूर्वी सात-आठ दिवस जाळी रोज थोडी थोडी जास्त वेळ काढत जावी; सावलीतून थेट शेतात गेलेले रोप उन्हात टिकत नाही. पहिला पाऊस होऊन आभाळ भरून राहू लागले की जाळी पूर्ण उतरवावी, धुवावी, वाळवावी आणि उंदीर पोहोचणार नाहीत अशा जागी टांगून ठेवावी.