मुरायला सवड हवी

‘मोहसडवा (दारूसाठी आंबवलेली मोहफुलं) नष्ट’ ही बातमी गडचिरोलीच्या जिल्हा पानावर आता नेमाने येते. ड्रम पालथे केले, महिलांनी पुढाकार घेतला, गुन्हा नोंदवला. दारूबंदी असलेल्या त्याच जिल्ह्यात मोहफुलांपासून मद्य बनवणाऱ्या कारखान्याचा विषय २०२३ मध्ये निघाला, तेव्हा तिथे दारूविरोधी काम करणारे डॉ. अभय बंग यांनी त्याला जाहीर विरोध केला. दारूबंदीच्या या वादाच्या दोन्ही बाजू वाचकांना पाठ आहेत. त्यात एक प्रश्न मात्र कुणी विचारताना दिसत नाही: मोहाच्या वाट्याला कधीच सवड का येत नाही?

हा प्रश्न मला पडला तो इटलीतल्या बारोलो या लाल वाइनमुळे. वायव्य इटलीत आल्बा शहराच्या आसपास अकरा गावांच्या शिवारात नेब्बिओलो नावाचं द्राक्ष होतं. ते उशिरा पिकतं, तोडणी बहुधा ऑक्टोबरात होते. त्याची वाइन नवी असताना घोट घेतला तर जीभ आखडते, हिरड्या कोरड्या पडतात, कारण टॅनिन आणि आम्लता दोन्ही दांडगी. पण लाकडी पिंपात आणि नंतर बाटलीत वर्षं गेली, की टॅनिनचे कण एकमेकांना धरून जड होतात, काही तळाशी बसतात. रंग विटकरी होत जातो. सुकलेल्या गुलाबाचा आणि डांबराचा वास एकाच पेल्यातून वर येतो. चांगल्या सालातली बारोलो वीस-तीस वर्षं सहज टिकते, आणि तिचे चाहते तेवढं थांबतातही.

तिच्या चवीवर पुष्कळ लिहिलं गेलंय. मला तिच्यामागचा नियम अधिक मोलाचा वाटतो. तोडणीच्या वर्षातल्या १ नोव्हेंबरपासून किमान ३८ महिने, त्यातले १८ लाकडात, असं मुरल्याशिवाय बाटलीवर बारोलो हे नाव लावता येत नाही. ‘रिझेर्वा’ म्हणायचं तर ६२ महिने. म्हणजे तीन-चार सालांचा माल तळघरात पडून, आणि त्याचा पैसा हातात नाही. हे तिथल्या उत्पादकांना पेलतं, कारण गावांची हद्द, नाव आणि पद्धत कायद्याने राखलेली आहे. मुरलेल्या मालाला भाव मिळणार याची खात्री आहे.

आता मोहाकडे या. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे फुलं गळतात. उन्हं चढायच्या आत ती वेचावी लागतात, म्हणून बाया-मुलं अंधारातच टोपल्या घेऊन निघतात. खाली वाकून वेचणाऱ्या माणसावर वाघ येतो. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात ब्रह्मपुरी, सिंदेवाहीकडे या हंगामात अशा बातम्या येत राहतात. फूल स्वच्छ दिसावं म्हणून झाडाखालचा पाला जाळला जातो आणि त्यातून वणवेही लागतात. हे रसाळ, गोड फूल उन्हात काही दिवस ठेवलं की तांबूस-तपकिरी होऊन मनुकेसारखं आकसतं, त्याचा वासही गडद होतो. कोरड्या जागी नीट राखलं तर ते महिनोन् महिने टिकतं. मोहाची गाळलेली दारू मात्र वाइनसारखी बाटलीत बदलत नाही, तिला मुरायला सहसा लाकडी पिंप लागतं. ते इथं कुणाकडे असणार? मोहाला मुरायला जागा आहे ती या सुकल्या फुलातच.

पण घरात मीठ-तेल आणायचं असतं, उधारी फेडायची असते. फूल त्याच आठवड्याच्या बाजारात, हंगामाच्या पडत्या भावाने जातं. पावसाळ्यात तेच चढ्या भावाने परत विकलं जातं. मधल्या महिन्यांची कमाई साठवणाऱ्याची होते. पहाटे जीव मुठीत धरून वेचणारीच्या वाट्याला त्यातलं काही येत नाही.

दारूचंही तेच. गोंड-माडिया घरांत जन्म, लग्न, मरण, देवपूजा यांत मोहाच्या धारेला जागा आहे. ती विधीसाठी, सावकाश गाळली जाते. चोरून विकायला गाळणाऱ्याला सवड नसते. सडवा लवकर चढावा म्हणून नवसागर पडतो. जे गावात विकलं जातं ते या घाईचं अपत्य आहे, आणि त्याने मोडलेले संसार बायकांनी पाहिलेत. १९९३ ची गडचिरोलीची बंदी त्यांच्या कित्येक वर्षांच्या आंदोलनातून आली. चंद्रपुरात २०१५ साली आलेली बंदी २०२१ मध्ये उठली, तेव्हाही बायका बोलल्या. मोहाच्या सुगंधावर लेख लिहिणाऱ्याने त्यांना ओलांडून जाऊ नये, असं मला ठामपणे वाटतं.

गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तसंच मोहाला मिळवून द्या, मग सगळं होईल, असं म्हणणं सोपं आहे. मला ते अपुरं वाटतं. बारोलोचं नाव मोठं झालं त्यामागे थांबू शकणारा उत्पादक होता. इथं तोच नाही. म्हणून सुरुवात कारखान्यापासून नको, गावच्या गोदामापासून हवी. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, २०११ पासून तिथली ग्रामसभा स्वतःचा बांबू स्वतः विकू लागली. पुढे जिल्ह्यातल्या अनेक ग्रामसभांनी तेंदूपत्त्याचे लिलावही स्वतः केले. त्यांना मोहफुलासाठी कोरडी खोली आणि वेचणारीला हंगामातच उचल देण्याइतकं भांडवल मिळालं, तर फूल पावसाळ्यापर्यंत गावातच राहील. मग त्याचे लाडू करा, सरबत करा किंवा तसंच विका.

आणि दारू? आदिवासी अनुसूचित क्षेत्रांसाठीच्या १९९६ च्या पेसा कायद्याने गौण वनोपजाची मालकी ग्रामसभेला आणि पंचायतींना दिली. मादक पदार्थांवर बंदी घालायचा किंवा त्यांच्या विक्रीला वेसण घालायचा अधिकारही त्याच कलमात त्यांना दिला. वेचणाऱ्या बाया ग्रामसभेच्या सभासद आहेत. गोदामातल्या फुलाचं काय करायचं, हे मुंबईच्या मंत्रालयाने किंवा माझ्यासारख्या लेखकाने ठरवण्याआधी त्यांनी ठरवायचं आहे.