प्रवासी कंपन्यांची सायबर जोखीम : तुलना करायची कशी?



पीएच.डी.च्या आराखड्यात 'तुलनात्मक अभ्यास' हे शब्द आपण सहज लिहून टाकतो. नंतर तेच महागात पडतात. समजा विषय घेतला, 'सातारा व सांगली जिल्ह्यांतील प्रवासी व्यावसायिकांच्या सायबर जोखमीचा तुलनात्मक अभ्यास'. विषय चांगला आहे. सांगलीहून मुंबईला जाणारी ट्रॅव्हल्स असो की महाबळेश्वर-पाचगणीचं हॉटेल, बरंचसं बुकिंग आता मोबाईलवरच होतं. नाव, नंबर, कार्ड, आपण कधी घरी नसणार, सगळं आपण देऊन मोकळे होतो. पण कुणाची जोखीम जास्त, हे ठरवायचं कशावरून?

१) मोजायचं काय?

दोन मोठी उदाहरणं घेऊ. ब्रिटिश एअरवेजमधून २०१८ मध्ये सुमारे ४.३ लाख लोकांची माहिती चोरीला गेली. मॅरियटच्या प्रकरणात जगभरातल्या अंदाजे ३३.९ कोटी पाहुण्यांच्या नोंदी होत्या. ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयाने २०२० मध्ये दंड केला तो अनुक्रमे २ कोटी आणि १.८४ कोटी पौंड. म्हणजे नोंदी मोजल्या तर मॅरियट कितीतरी पुढे, दंड मोजला तर ब्रिटिश एअरवेज पुढे! यात आणखी एक मेख आहे. मॅरियटचा दंड फक्त २५ मे २०१८ नंतरच्या काळापुरता होता, कारण युरोपचा नवा कायदा त्या दिवशी लागू झाला. त्यामुळे दंडाचा आकडा थेट 'नुकसान' म्हणून वापरता येत नाही.

२) घटना शून्य म्हणजे सुरक्षित?

अजिबात नाही. मॅरियटचं हे प्रकरण मुळात स्टारवुड या हॉटेल कंपनीचं. तिथे घुसखोरी झाली २०१४ मध्ये, मॅरियटने ती कंपनी विकत घेतली २०१६ मध्ये आणि चोरी लक्षात आली २०१८ मध्ये. २०१७ साली कुणी तक्ता केला असता तर या घुसखोरीच्या रकान्यात 'शून्य' लिहिलं असतं. आपल्याकडे सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. पण आधी ती लक्षात यायला हवी ना! जी कंपनी नीट लक्ष ठेवते तिच्या नोंदी जास्त दिसतात, जी ठेवत नाही ती कागदावर स्वच्छ.

३) नमुने खरंच वेगळे आहेत का?

२०२१ मध्ये एअर इंडियाच्या सुमारे ४५ लाख प्रवाशांची माहिती उघड झाली. त्यात पासपोर्टचा तपशीलही होता. हल्ला मात्र झाला होता सीटा या तंत्रज्ञान पुरवणाऱ्या कंपनीवर आणि त्याचा फटका इतरही अनेक विमान कंपन्यांना बसला. आता आपल्या जिल्ह्यांकडे या. तुमच्या नमुन्यातले दहा ट्रॅव्हल्सवाले एकाच बुकिंग पोर्टलवर असतील, तर तो भाग सगळ्यांचा सारखाच. संख्याशास्त्राच्या भाषेत ही दहा स्वतंत्र निरीक्षणं नाहीत. म्हणून प्रश्नावलीत पहिला प्रश्न हाच ठेवा : बुकिंगची यंत्रणा कुणाची?

मग करायचं काय?

जोखमीचे तीन भाग पाडा : कोणती माहिती साठवली जाते, ती कुणाकुणाच्या हातात असते आणि फुटली तर प्रवाशाचं काय बिघडतं. यातला दुसरा भाग छोट्या व्यावसायिकांकडे नीट विचारा. काउंटरवरचा एकच पासवर्ड चौघं वापरतात का? काम सोडून गेलेल्याचं लॉगिन बंद केलं का? प्रवाशांची यादी व्हॉट्सॲपवर फिरते का? हे प्रत्यक्ष बघता येतं, आणि घटना घडायची वाट बघावी लागत नाही.

नंतर निकष बदलून क्रमवारी पुन्हा लावा. क्रम उलटसुलट झाला तर तो तसाच प्रबंधात लिहा, तोही निष्कर्षच आहे.

आणि एक, परवानगीशिवाय कुणाची वेबसाईट 'तपासून बघू' म्हणून आत शिरू नका. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ आणि ६६ खाली ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, संशोधक म्हणून सूट नाही. लेखी परवानगी घ्या आणि व्यवसायांची नावं सांकेतिक ठेवा. तुमच्या तक्त्यात तळाला गेलेल्या छोट्या ट्रॅव्हल्सवाल्याचा धंदा त्या एका नावाने बसू शकतो, आणि कदाचित चूक त्याची नसून पोर्टलची असेल.